चिडखोर आतडे आणि आहार: काय काढावे, काय परत आणावे

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस, या विकारात पोटात वरचेवर कळ येते आणि शौचाचे वेळापत्रक बिघडते. पण दुर्बीण घालून पाहिले तर आतड्यात जखम, सूज किंवा गाठ सापडत नाही. ‘पोट साफ होत नाही’, ‘गॅस धरतो’, ‘जेवले की लगेच जावे लागते’, ‘आव पडते’, ‘संध्याकाळपर्यंत पोट डब्ब होते’ या रुग्णांच्या नेहमीच्या तक्रारी. २०१६ साली जाहीर झालेल्या, निदानाच्या रोम-४ निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी असावी लागते. शिवाय त्या दुखण्याचा शौचाला जाण्याशी, शौचाच्या वेळा कमीजास्त होण्याशी आणि मलाचे स्वरूप बदलण्याशी, अशा तीनपैकी किमान दोन गोष्टींशी संबंध असावा लागतो. तक्रारींची सुरुवात निदानाच्या किमान सहा महिने आधीची असावी लागते.

मलाचे स्वरूप सांगण्यासाठी जगभर ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात पहिला प्रकार शेळीच्या लेंड्यांसारख्या कडक खड्यांचा, सातवा निव्वळ पाण्यासारखा, आणि तिसरा-चौथा निरोगी मानले जातात. या तक्त्यावरून आयबीएसचे बद्धकोष्ठाचा, जुलाबाचा आणि दोन्हींचा मिश्र असे मुख्य प्रकार पडतात. रोम-४ निकष लावून ३३ देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीच्या ऑनलाइन भागात शंभरात सुमारे चार प्रौढांना हा विकार आढळला. भारतीय पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या कृतिगटाने २००८ मध्ये दिलेला आकडाही ४.२ टक्के होता.

बहुतेक रुग्ण स्वतःच्या त्रासाचे खापर कोणत्या ना कोणत्या पदार्थावर फोडतात. स्वीडनमधील २०१३ च्या एका पाहणीत ८४ टक्के रुग्णांनी किमान एका पदार्थाचे नाव घेतले होते. त्यामुळे औषधाच्या आधी पथ्याचा विचार होणे साहजिक आहे. अडचण अशी की पथ्याची यादी वाढतच जाते. आधी दूध सुटते, मग डाळ, मग गहू, मग बाहेरचे खाणे, आणि वर्षभराने मऊ भात व ताक एवढेच ताटात उरते. गेल्या वीस वर्षांतील संशोधनाने पथ्याकडे पाहण्याची ही रीत बदलली आहे. पदार्थ काढणे ही आता मुदतबंद चाचणी मानली जाते, आणि त्यातले किती पदार्थ ताटात परत आले यावर पथ्याचे यश मोजले जाते.

आधी निदान, मग पथ्य

आहारात फेरफार करण्याआधी दुसरा आजार नाही याची खात्री करावी लागते. शौचावाटे रक्त जाणे, वजन आपोआप उतरणे, रक्तक्षय, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेल्या तक्रारी, किंवा घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग असणे या धोक्याच्या खुणा आहेत. भारतात आतड्याचा क्षयरोगही ध्यानात ठेवावा लागतो. साधारणपणे रक्ताची नेहमीची तपासणी, दाहाचा अंदाज देणारी सीआरपी, मलातील कॅलप्रोटेक्टिन आणि सिलिॲक आजाराची रक्तचाचणी एवढ्यावर बरेच काही कळते.

सिलिॲक चाचणीबाबत एक चूक वारंवार होते. हा आजार गव्हातील ग्लुटेनमुळे होतो, आणि चाचणीत या आजारात तयार होणारी प्रतिपिंडे शोधतात. रुग्णाने आधीच गहू सोडला असेल तर प्रतिपिंडे घटतात आणि आजार असूनही चाचणी निर्दोष येऊ शकते. म्हणून पोळी बंद करण्यापूर्वी ही चाचणी करून घ्यावी.

भारतात आणखी एक घोळ जुना आहे. मलाबरोबर चिकट आव दिसली की ‘अमीबा’ झाला असे गृहीत धरून जंतुनाशक गोळ्यांचा कोर्स दिला जातो, काही महिन्यांनी पुन्हा दिला जातो, आणि मूळ तक्रार तशीच राहते. आव आयबीएसमध्येही पडते. संसर्गाचा संबंध मात्र दुसऱ्या बाजूने खरा आहे: आतड्याच्या तीव्र संसर्गानंतर दहापैकी साधारण एकाला आयबीएस जडतो. कॅनडातील वॉकरटन गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळून साथ आली, तेव्हा आजारी पडलेल्यांपैकी अनेकांना पुढे वर्षानुवर्षे या तक्रारी राहिल्याची नोंद आहे.

अन्नाने आतडे का चिडते

आयबीएसला आता ‘मेंदू आणि आतडे यांच्या संवादाचा विकार’ म्हटले जाते. आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतू आणि मेंदू यांच्यात संदेशांची ये-जा सतत चालू असते. निरोगी माणसात आतडे थोडे फुगले तर मेंदू तिकडे लक्ष देत नाही. आयबीएसमध्ये तेवढ्याच फुगण्याची नोंद दुखणे म्हणून होते. ब्रिटनमध्ये २०१७ च्या एका अभ्यासात एमआरआय यंत्राखाली हे तपासले गेले. ठरावीक साखरा दिल्यावर रुग्णांच्या आणि निरोगी व्यक्तींच्या मोठ्या आतड्यात वायू जवळपास सारखाच जमला. त्रास मुख्यतः रुग्णांनाच झाला. ‘गॅस जास्त होतो’ ही तक्रार त्यामुळे अर्धीच बरोबर ठरते. वायू इतरांइतकाच असू शकतो, तो सोसण्याची आतड्याची कुवत कमी असते.

अन्न ही कुवत चार वाटांनी ओलांडते. न पचलेल्या साखरा लहान आतड्यात पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात आंबून वायू तयार करतात. जेवण पोटात पडताच मोठे आतडे आकुंचन पावते. ही क्रिया सर्वांमध्ये होते, पण या रुग्णांत ती जोरकस असते, म्हणून ताटावरून उठून थेट शौचालय गाठावे लागते. तेल-तुपाचे प्रमाण जास्त असले की आतड्याची संवेदनशीलता आणखी वाढते. चौथी वाट तिखटाची. मिरचीतील कॅप्सायसिन आतड्यातील वेदना-ग्राहकांना थेट चेतवते, आणि जुलाबाच्या प्रकारातील रुग्णांना तिखट जेवणानंतर कळ व जळजळ अधिक होते.

पहिली पायरी: जेवणाची घडी

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००८ मध्ये आयबीएससाठी दिलेला आहारसल्ला साधा आहे, आणि पहिल्यांदा तोच करून पाहावा असे आजही सांगितले जाते. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, दोन जेवणांत फार मोठे अंतर पडू नये, घास सावकाश चावून खावा. दिवसभरात आठेक कप द्रव पदार्थ पोटात जावेत, त्यांत पाण्याचा वाटा मोठा असावा. चहा-कॉफी तीन कपांपुरती ठेवावी. मद्य आणि फसफसणारी पेये कमी करावीत. फळे दिवसातून तीनदा, दर वेळी साधारण ८० ग्रॅम एवढीच घ्यावीत.

शहरी दिनक्रमात यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मोडलेली असते. सकाळी रिकाम्या पोटी चहा, लोकल पकडण्याच्या घाईत न्याहारीला फाटा, दुपारी दहा मिनिटांत उरकलेला डबा, मधल्या वेळी वडापाव आणि आणखी दोन चहा, मग रात्री दहा वाजता दिवसातले सर्वांत भरपेट जेवण. अशा दिवसात पदार्थ कोणते यापेक्षा ते कसे आणि किती खाल्ले याचाच भार आतड्यावर जास्त पडतो. रात्रीच्या जेवणातला काही भाग संध्याकाळी सातच्या सुमारास सरकवणे आणि तळलेले पदार्थ आठवड्यातून एकदाच खाणे एवढ्या बदलानेही काहींना पुरेसा आराम मिळतो. अशांना पुढच्या पायऱ्यांची गरज पडत नाही.

तंतू: कोंडा आणि इसबगोल

‘पोट साफ होत नाही? मग चोथा वाढवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. चोथा, म्हणजे अन्नातील तंतू, एकजिनसी नसतात. गव्हाच्या कोंड्यासारखे तंतू पाण्यात विरघळत नाहीत आणि भरड कण आतड्याच्या भिंतीला चाळवतात. इसबगोलासारखे तंतू पाणी शोषून बुळबुळीत होतात आणि अगदी सावकाश आंबतात. १९९४ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी कोंडा खाणाऱ्या आयबीएस रुग्णांना विचारले, तेव्हा ५५ टक्क्यांनी कोंड्याने त्रास वाढल्याचे सांगितले. बरे वाटणारे फक्त १० टक्के होते. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांना रोज १० ग्रॅम इसबगोल, तेवढाच कोंडा किंवा तांदळाचे पीठ बारा आठवडे दिले गेले. इसबगोलाच्या गटात त्रास स्पष्टपणे कमी झाला. कोंडा पिठाच्या फारसा पुढे गेला नाही.

इसबगोलाची लागवड आणि प्रक्रिया जगात सर्वांत जास्त भारतात होते, आणि गुजरातेतील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे. महाराष्ट्रात तो घरोघरी बद्धकोष्ठाचे औषध म्हणून ठाऊक आहे. प्रत्यक्षात तो दोन्हीकडे चालतो, कारण कडक मलाला तो पाणी धरून मऊ करतो आणि पातळ मलाला घट्टपणा देतो. सुरुवात चहाच्या एका चमच्याने करून आठवड्या-आठवड्याने प्रमाण वाढवावे. तो भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्यावा, कारण कोरडा घेतल्यास घशात फुगून अडकू शकतो. इतर औषधे आणि इसबगोल यांत अंतर ठेवावे.

जवस हाही उपयोगी तंतू आहे. वायू आणि पोट फुगणे यांवर रोज टेबलचमचाभर जवस घेऊन पाहावा, असे नाइसच्या सल्ल्यात आहे. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी जेवणात असतेच. लसूण न घालता केली तर ती या पथ्यात सरळ बसते.

फॉडमॅप म्हणजे काय

एवढ्याने भागले नाही तर पुढची पायरी कमी-फॉडमॅप आहाराची. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील पीटर गिब्सन आणि आहारतज्ज्ञ सू शेफर्ड यांनी २००५ मध्ये ‘फॉडमॅप’ हा शब्द रूढ केला. लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या आणि चटकन आंबणाऱ्या लघुसाखळी कर्बोदकांच्या पाच गटांना मिळून दिलेले ते नाव आहे.

पहिला गट फ्रुक्टनांचा. कांदा, लसूण आणि गहू हे त्याचे मोठे स्रोत. दुसरा गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइडांचा, हरभरा, राजमा, वाल, चवळी, तूर अशा कडधान्यांत व डाळींत तो असतो. हे दोन गट पचवणारे विकर कोणत्याच माणसाच्या शरीरात नसते, म्हणून वालाच्या उसळीने होणारा वायू सगळ्यांच्या परिचयाचा आहे. तिसरी दुधातील साखर लॅक्टोज. ती पचवणारे लॅक्टेज विकर भारतातील बऱ्याच प्रौढांत वयाबरोबर घटलेले असते. चौथा गट जादा फ्रुक्टोजचा, म्हणजे जिथे फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा जास्त आहे अशा पदार्थांचा: आंबा, सफरचंद, कलिंगड, मध. पाचवा गट पॉलिऑल शर्करांचा. फ्लॉवर आणि मशरूममध्ये मॅनिटॉल असते, सफरचंदात व नासपतीत सॉर्बिटॉल. साखरविरहित गोळ्या आणि च्युइंगममध्येही असेच पदार्थ घातलेले असतात.

या पाचही गटांचा भार एकमेकांत मिळवला जातो. एखाद्या पदार्थाचे थोडे प्रमाण सोसते, पण एकाच जेवणात चार स्रोत आले की बेरीज कुवतीबाहेर जाते. मिसळ हे त्याचे नमुनेदार उदाहरण. मटकीच्या उसळीतून कडधान्याच्या साखरा येतात, वाटणातून कांदा-लसणाचे फ्रुक्टन, वर पेरलेल्या कच्च्या कांद्यातून तेच पुन्हा, दोन पावांतून गव्हाचे, फरसाणातून बेसनाच्या साखरा. त्यावर तर्रीचे तेल आणि तिखट, शेवटी दुधाचा चहा. इतके सगळे खाऊन ‘मटकी बाधली’ असा निष्कर्ष काढला जातो आणि मोड आलेली कडधान्ये कायमची बंद होतात. आमरस-पोळीच्या जेवणाचेही तसेच. आंब्याचे फ्रुक्टोज, पोळीचे फ्रुक्टन आणि रसात घातलेले दूध एकत्र येतात; दोष मात्र एकट्या आंब्यावर जातो.

मराठी स्वयंपाकघरातील पर्याय

कमी-फॉडमॅप आहाराच्या परदेशी याद्यांत क्विनोआ आणि ग्लुटेनमुक्त पाव असतात, त्यामुळे तो इथल्या माणसाचा आहार नव्हे असे वाटते. तांदूळ, ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही सगळी धान्ये या आहारात चालतात. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, न्याहारीला पावाऐवजी कांदा न घातलेले पोहे किंवा नाचणीची आंबील घेता येते. भाज्यांत बटाटा, पालक, मेथी, गाजर, काकडी, आणि बेताच्या प्रमाणात वांगी व फरसबी चालतात. फळांत पपई, संत्रे, पिकलेला पेरू आणि किंचित कच्चट केळे बसते. केळे पूर्ण पिकले की त्यात फ्रुक्टन वाढतात. मासे, अंडी आणि चिकनमध्ये ही कर्बोदके नसतातच, तेव्हा कोकण-गोव्याच्या भात-हुमणाच्या ताटात वाटणातला कांदा-लसूण एवढेच बदलावे लागते. शेंगदाणे चालतात, काजू आणि पिस्ते टाळावे लागतात.

उपवासाचे ताटही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. साबुदाणा, वरी, शेंगदाणे, बटाटा, जिरे, दही असा हा जिन्नस. त्यात गहू नाही, डाळ नाही, कांदा-लसूण नाही. ‘उपवासाच्या दिवशी पोट हलके राहते’ असे काही रुग्ण सांगतात. याचे श्रेय लंघनाला दिले जाते. पण महाराष्ट्रात उपवास बहुधा खाऊनच होतो, आणि ज्या गोष्टी त्या दिवशी वर्ज्य असतात त्या नेमक्या फ्रुक्टन व डाळींच्या साखरांच्या आहेत. साबुदाणा वडे तळून खाल्ले किंवा खजुरावर भर दिला तर हा फायदा राहत नाही.

खरी पंचाईत कांदा-लसणाची, कारण मराठी जेवणाची चव त्यांच्यावर उभी असते. येथे रसायनशास्त्र मदतीला येते. फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. लसणीचा वास मात्र तेलात उतरतो. कढईत तेल तापले की ठेचलेल्या पाकळ्या टाकाव्यात, कडा तांबूस झाल्या की झाऱ्याने सगळ्या निपटून काढाव्यात, आणि मगच मोहरी, जिरे, कढीपत्ता घालावा. पाकळ्या काढण्यापूर्वी टोमॅटो किंवा पाणी पडले तर फ्रुक्टन रश्शात उतरतात आणि मेहनत वाया जाते. असे तेल त्या वेळेपुरतेच करावे. लसूण घातलेले तेल बाहेर साठवल्यास त्यात घातक जंतू वाढू शकतात. कांद्याच्या जागी कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग आणि हिंग वापरता येतो. बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ असते. चिमूटभर हिंगातून फ्रुक्टनाचा भार नगण्य येतो, सिलिॲक रुग्णांना मात्र डबीवरचा मजकूर वाचावाच लागतो.

डाळी पूर्ण बंद करण्याची गरज नसते. त्यांतील साखरा पाण्यात उतरतात, त्यामुळे रात्रभर भिजवून ते पाणी फेकणे, शिजवताना पहिले पाणी ओतून देणे या रीतींनी भार घटतो. मुगाच्या डाळीचे पातळ वरण किंवा मोड आलेले मूग थोड्या प्रमाणात बहुतेकांना सोसतात. दुधाबाबतही असेच आहे. लॅक्टेज कमी असलेली व्यक्तीही सहसा एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण एक पेला दूध, जेवणाबरोबर घेतल्यास पचवू शकते. विरजणाने दुधातील काही लॅक्टोज संपते आणि पाणी घातलेल्या ताकात ते आणखी विरळ होते. पनीर करताना निवळीबरोबर बरेचसे लॅक्टोज निघून जाते. कपभर चहातील दोन चमचे दुधाने आतडे बिघडण्याची शक्यता कमी, पण दिवसातून सहा चहा झाले की बेरीज वेगळी होते.

तीन टप्पे

हा आहार तीन टप्प्यांत करायचा असतो. पहिला टप्पा वगळण्याचा. पाचही गटांतील जास्त भाराचे पदार्थ चार, फार तर सहा आठवडे काढायचे. या काळात त्रास कमी झाला नाही तर हा आहार त्या रुग्णासाठी नाही असे समजून तो थांबवायचा आणि नेहमीचे जेवण सुरू करायचे. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या एजीए संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात हे स्पष्ट म्हटले आहे.

आराम पडला तर दुसरा टप्पा, परत आणण्याचा. बाकीचे जेवण कमी-फॉडमॅप ठेवून एका वेळी एकाच गटाचा एकच पदार्थ तपासायचा. लॅक्टोजसाठी दूध घेतले तर पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप. प्रत्येक दिवशी दुखणे, फुगणे आणि ब्रिस्टल तक्त्यातील क्रमांक वहीत लिहायचा. त्रास झाला तर तिथेच थांबायचे, दोन-तीन दिवस पोट शांत होऊ द्यायचे आणि पुढचा गट घ्यायचा. फ्रुक्टोजसाठी मध किंवा आंबा, मॅनिटॉलसाठी फ्लॉवर, डाळींच्या गटासाठी शिजवलेले हरभरे असे पदार्थ चालतात. गहू, कांदा आणि लसूण तिन्हींत फ्रुक्टन असले तरी ते वेगवेगळे तपासावे लागतात, कारण अनेकांना पोळी सोसते आणि कच्चा कांदा सोसत नाही. मासिक पाळीच्या दिवसांत, प्रवासात किंवा परीक्षेच्या ताणात ही तपासणी करू नये. त्या दिवसांत तक्रारी एरवीही वाढतात आणि निकाल फसवा येतो.

तिसरा टप्पा कायमच्या आहाराचा. जे सोसले ते ताटात परत येते, जे सोसले नाही ते सोसण्याइतक्या प्रमाणापुरते राहते, आणि काही महिन्यांनी त्याचीही फेरतपासणी होते. सोसण्याची मर्यादा बदलत असते. काही रुग्ण पहिल्या टप्प्यात बरे वाटले की तिथेच थांबतात, आणि अर्धे पथ्य आयुष्यभराचे होऊन बसते.

पुरावा किती भक्कम

मोनॅश गटाने २०१४ मध्ये ३० रुग्णांना सर्व जेवण पुरवून २१ दिवस कमी-फॉडमॅप आणि २१ दिवस नेहमीचा ऑस्ट्रेलियन आहार दिला. १०० पैकी त्रासाचा अंक नेहमीच्या आहारावर सुमारे ४५, तर कमी-फॉडमॅप आहारावर सुमारे २३ होता. पण स्वीडनमध्ये २०१५ साली हाच आहार पारंपरिक सल्ल्याशी ताडून पाहिला, तेव्हा दोन्ही गटांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना आराम पडला आणि ठळक फरक दिसला नाही. जेवणाची घडी ही पहिली पायरी मानण्याचे हे एक कारण. लुधियानातील डॉक्टरांनी जुलाबाच्या प्रकारातील भारतीय रुग्णांवर २०२१ मध्ये केलेल्या चाचणीत मात्र कमी-फॉडमॅप आहार पारंपरिक सल्ल्यापेक्षा सरस ठरला.

स्वीडनचीच २०२४ मधील चाचणी आणखी बोलकी आहे. २९४ रुग्णांपैकी एका गटाला पारंपरिक सल्ल्यासह कमी-फॉडमॅप आहार, दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा आहार आणि तिसऱ्याला तक्रारीनुसार औषधे दिली गेली. चार आठवड्यांनी त्रास लक्षणीय कमी झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७६, ७१ आणि ५८ टक्के होते. आहार औषधाच्या तोडीचा, किंबहुना वरचढ ठरला. शिवाय आरामापर्यंत पोचणाऱ्या वाटा एकाहून अधिक असल्याचे दिसले.

या सर्व आकड्यांना एक मर्यादा आहे. कोणता आहार चालू आहे हे खाणाऱ्याला कळतेच, आणि आयबीएसमध्ये नुसत्या अपेक्षेनेही साधारण तिघांपैकी एकाला बरे वाटते. उलट, बाधेल या भीतीने खाल्लेला घास बाधूही शकतो. मेलबर्नमध्येच २०१६ साली आतड्यावर केंद्रित संमोहनोपचाराचा परिणाम कमी-फॉडमॅप आहाराइतकाच मिळाला, आणि जर्मनीतील एका चाचणीत योगाभ्यासही त्या आहाराच्या मागे पडला नाही. विकार संवादाचा असल्याने तो दोन्ही टोकांकडून शांत करता येतो.

ग्लुटेन, तपासणी-संच आणि प्रोबायोटिक

सिलिॲक नसतानाही गव्हाने त्रास होतो असे सांगणारे अनेक जण असतात. नॉर्वेत २०१८ मध्ये अशा ५९ जणांना ग्लुटेन, फ्रुक्टन किंवा दोन्ही नसलेले खाद्य, कोणते काय हे न सांगता दिले. त्रास अधिक झाला तो फ्रुक्टनाने, ग्लुटेनने नव्हे. म्हणजे अशा व्यक्तीला महागडे ग्लुटेनमुक्त पीठ घेण्याचे कारण नसते. पोळ्यांची संख्या चारवरून एकदोनवर आणून बाकी भाकरी-भात खाल्ला तरी पुष्कळदा भागते.

रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे मोजून शंभर-दोनशे पदार्थांची ‘न सोसणारी’ यादी देणारे तपासणी-संच विकले जातात. ही प्रतिपिंडे अन्नाशी परिचय झाल्याची खूण असतात. रोज भात खाणाऱ्याला भाताची प्रतिपिंडे सापडू शकतात. तज्ज्ञ-संस्था या चाचण्यांवरून पथ्य ठरवू नये असे सांगतात. प्रोबायोटिक गोळ्यांचा पुरावा जिवाणूच्या वाणानुसार बदलतो आणि एकंदरीत कमकुवत आहे. घ्यायच्याच तर ठरावीक मुदत घालून घ्याव्यात आणि फरक नसेल तर थांबवाव्यात.

धोके आणि अपवाद

फॉडमॅप हे विष नव्हे. फ्रुक्टन आणि डाळींच्या साखरा हे आतड्यातील उपकारक जिवाणूंचे खाद्य आहे. ते फार काळ तोडले तर बायफिडोबॅक्टेरियांची संख्या घटते. दूध काढल्याने कॅल्शियम कमी पडू शकते. शाकाहारी घरात डाळ आणि दूध एकदम काढले तर प्रथिनांचे दोन्ही मोठे स्रोत जातात. अशा वेळी मोड आलेले मूग, शेंगदाणे, पनीर किंवा घट्ट टोफू यांची जोड आधीच ठरवावी लागते. मधुमेही रुग्णाने गव्हाऐवजी साबुदाणा आणि पांढऱ्या भातावर भर दिल्यास साखर वाढते, तेव्हा त्याच्यासाठी ज्वारी-नाचणी बरी.

वजन आधीच कमी असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी आणि खाण्याबद्दल अतिरेकी धास्ती असलेल्यांनी वगळण्याचा टप्पा आहारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नये. त्यांच्यासाठी सौम्य रूप पुरते: फक्त कांदा, लसूण, गहू, दूध यांपैकी संशयित दोन-तीन पदार्थ तीन-चार आठवडे कमी करायचे आणि एकेक करून परत आणायचे. घरात सगळ्यांसाठी एकच भाजी शिजत असेल तर ती लसणीच्या तेलात, कांद्याशिवाय करून इतरांनी वरून कांदा घेणे ही तडजोड एका माणसासाठी वेगळे पातेले चढवण्यापेक्षा टिकते.

तपासणी पूर्ण झाली की रुग्णाच्या वहीत सहसा छोटीच यादी उरते. कोणाला कच्चा कांदा आणि फ्लॉवर, कोणाला पेलाभर दूध, कोणाला फक्त रात्री उशिराचे तेलकट जेवण. बाकीचे जेवण पूर्वीसारखे होते, आणि उरलेल्या दोन-तीन गोष्टींचेही किती प्रमाण चालते हे त्या वहीत लिहिलेले असते.